कोकणातल्या उतारावर निसर्गाशी जुळणारं आधुनिक घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात डोंगरउतारावर किंवा सड्यावर (कातळाच्या पठारावर) घर बांधू पाहणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. इथे वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. देशावर चालणारे बरेच उपाय इथे पहिल्याच पावसाळ्यात हात टेकतात. मापं फूट-इंचांत आणि मीटरमध्ये मिसळूनच दिली आहेत, कारण गवंडी फुटांत बोलतो आणि नकाशा मीटरमध्ये येतो.

‘ऑरगॅनिक’ वास्तुरचना म्हणजे मातीचं घर का?

नाही. हा शब्द घरांच्या बाबतीत रुजवला अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी. त्यांचं पेनसिल्व्हेनियातलं ‘फॉलिंगवॉटर’ हे घर (आराखडा १९३५) धबधब्याच्या डोक्यावर उभं आहे. भिंतींचा दगड त्याच जागेवरच्या खाणीतला, चुलाणापुढचा खडक मूळ जागीच ठेवलेला आणि गच्च्या मात्र सरळसरळ काँक्रीटच्या, आधाराशिवाय पुढे आलेल्या. त्या गच्च्या कालांतराने वाकल्या आणि २००२ मध्ये पोलादी केबल ताणून सावराव्या लागल्या. श्रीलंकेत जेफ्री बावा यांनी दांबुल्लाजवळचं कंदलमा हॉटेल कड्याला चिकटवून, वेलींच्या पडद्याआड उभं केलं. तिथेही सांगाडा काँक्रीटचाच आहे. तिरुवनंतपुरमला लॉरी बेकर यांनी साध्या विटांत, जागेवरची झाडं आणि चढउतार सांभाळून घरं बांधली.

तेव्हा प्रश्न काँक्रीट वापरलं की नाही, हा नाही. जागेचा उतार, पाण्याची वाट, झाडं आणि वारा यांना घराने किती धक्का लावला, हे पाहायचं. दर्शनी भिंतीला दगडाच्या पातळ चकत्या चिकटवल्या आणि मागे डोंगर उभा कापला, तर ते घर या प्रकारात बसत नाही.

जागा पसंत करण्याआधी काय पाहावं?

जागा जुलैत पाहा. डिसेंबरात सगळीच जमीन चांगली दिसते. भर पावसात वरून येणारं पाणी कुठून वाहतं, कुठे साचतं, कुठे जमिनीतून झरा फुटतो, हे हातानेच काढलेल्या नकाशावर खुणा करून ठेवा. कोरडा दिसणारा व्हाळ, म्हणजे ओढा, बुजवून त्यावर घर बांधणं ही कोकणातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पाणी जुनी वाट सोडत नाही, ते जोत्याखालून येतं.

उतारावर झाडांचे बुंधे खाली कलून पुन्हा वर वळलेले असतील, जमिनीला उताराच्या आडव्या भेगा असतील, किंवा पूर्वी नसलेले झरे फुटले असतील, तर भूगर्भतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका. जुलै २०२१ मध्ये महाडजवळ तळिये आणि जुलै २०२३ मध्ये खालापूरजवळ इरशाळवाडी गाडली गेली. अतिवृष्टीत भिजून जड झालेली माती खालच्या खडकावरून सरकते आणि तिचा पायथा कापलेला असेल, तर तिला अडवायला काही उरत नाही.

घर येणार त्या चौकटीत निदान तीन ठिकाणी खड्डे घ्या. कातळ किती खोल आहे आणि वर मातीचा थर किती, यावर पाया ठरतो. एका कोपऱ्यात दीड फुटावर कातळ आणि दुसऱ्या कोपऱ्यात दहा फूट माती असेल, तर घर असमान खचतं आणि भिंतीला तिरक्या चिरा पडतात.

जागा सड्यावर असेल, तर आणखी एक गोष्ट. रत्नागिरी-राजापूर भागातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत आणि ती २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत आहेत. गवत वाळल्यावर सगळा कातळ झाडून पाहा. पोकलेन लावल्यावर कळून उपयोग नाही.

कागदपत्रांत सातबारा, मोजणी, वहिवाटीचा रस्ता, बिनशेती परवानगी आणि समुद्र-खाडी जवळ असल्यास भरतीरेषेपासूनचं अंतर पाहा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, हे बाहेरून येणाऱ्यांना अनेकदा शेवटी कळतं.

जमीन सपाट करून घेतली तर काम सोपं होत नाही का?

जेसीबीवाल्याचं काम सोपं होतं. हिशोब करून पाहा. समजा उतार १:५ आहे, म्हणजे पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. घराची जागा उताराच्या दिशेने १० मीटर आणि आडवी १२ मीटर.

एकच सपाट पातळी कापली तर मागे २ मीटरची उभी दरड तयार होते आणि १२० घनमीटर माती निघते. तीच जागा तीन पायऱ्यांत बसवली, तर प्रत्येक पायरीमागची कापणी सुमारे ६७ सेंटिमीटर आणि एकूण माती ४० घनमीटर. खोदलेली माती सैल होऊन फुगते, त्यामुळे पहिल्या प्रकारात दोन ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) डंपरच्या पंचवीसेक खेपा होतात. ती माती बहुतेक वेळा खालच्या उतारावरच ढकलली जाते आणि पहिल्या पावसात खालच्या बागायतीत जाते.

उतार मोजायला पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी वापरतात ती लेव्हल पुरते. वरच्या टोकापासून दर ३ मीटरवर खुंट्या मारा, प्रत्येक खुंटीवर पाण्याची पातळी आखा, फरक लिहून ठेवा. असं उतारावर तीन ओळींत केलं की समपातळीच्या रेषा कागदावर येतात. घराची लांब बाजू त्या रेषांना समांतर ठेवायची, हा पहिला नियम. उतारावर आडवं पसरलेलं घर कमी कापावं लागतं आणि वारंही चांगलं घेतं.

साधारण १:१० पर्यंत जोतं एकाच पातळीवर चालतं, एका बाजूला थोडं उंच होईल इतकंच. १:१० ते १:५ मध्ये पायऱ्यांचं घर करा. पडवी, ओटी, माजघर अशा चढत जाणाऱ्या पातळ्या जुन्या घरांतही होत्या. १:३ पेक्षा तीव्र उतारावर खांबांवर उचललेलं घर किंवा दुसरी जागा, एवढेच पर्याय आम्हाला शहाणपणाचे वाटतात.

मागच्या बाजूच्या भिंतीतून पाणी का येतं?

कारण भिंत धरण झालेली असते. भिंतीमागे माती थेट भरली की पावसाळ्यात ती चिंब होते आणि पाण्याचा दाब मातीच्या दाबाच्या वर चढतो. भिंत फुगते किंवा पाणी जोत्यातून घरात उतरतं.

भिंतीमागे निदान एक फूट रुंदीचा खडीचा थर लागतो. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं, कापड, नाहीतर दोन पावसाळ्यांत खडी गाळाने भरते. तळाला भोकांचा पाइप, टोक उघड्यावर सोडलेलं. भिंतीत ७५ मिमीची भोकं, आडव्या-उभ्या साधारण दीड मीटर अंतरावर, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. ही भोकं प्लास्टर करताना बुजवली जातात. रंगकाम संपल्यावर प्रत्येकात सळई घालून पाहा.

याशिवाय घराच्या वरच्या अंगाला, घरापासून दहा फूट अंतरावर, दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल चर हवा, १:१०० उतार देऊन. तासाला १०० मिमी पाऊस झाला तर वरच्या १० गुंठ्यांवर एका तासात एक लाख लिटर पाणी पडतं. ते घराला वळसा घालून मूळ व्हाळात गेलं पाहिजे, शेजाऱ्याच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) नाही.

चांगला चिरा कसा ओळखावा?

चिरा म्हणजे जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा. जांभा एकाच खाणीत वरखाली बदलतो. गडद तांबूस, हातोडीने खणखणीत वाजणारा घ्यावा. पिवळट-पांढऱ्या मातीचे मोठे डाग असलेला, नखाने खरवडता येणारा बाजूला काढावा. ती माती पावसात धुऊन जाते आणि भिंतीला खड्डे पडतात.

ताजा काढलेला चिरा ओला आणि मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. त्यामुळे काही आठवडे तरी खाणीबाहेर रचून वाळू द्यावा. लगेच बांधला तर तो भिंतीतच आकसतो आणि सांधे उघडतात.

एक परीक्षा घरीच होते. ट्रकमधले पाच चिरे निवडा, उन्हात चांगले वाळवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. भारतीय मानकाप्रमाणे जांभ्याचं पाणी शोषण १२ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. ३० किलोचा चिरा ३३.६ किलोच्या वर गेला, तर तो बाहेरच्या भिंतीत लावू नका. आतल्या भिंतींना, बागेच्या गडग्याला चालेल. दाब सहन करण्याची किमान मर्यादा ३.५ न्यूटन प्रति चौरस मिमी आहे. ती चाचणी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करून घ्यावी, विशेषतः दोन मजले असतील तेव्हा.

किती चिरे लागतात? गिलावा करावा की उघडाच ठेवावा?

चिऱ्याचं माप खाणीगणिक बदलतं. १४ × ९ × ७ इंचांचा धरला, भिंत ९ इंची आणि सांधा अर्धा इंच, तर १०० चौरस फूट भिंतीला सुमारे १३२ चिरे बसतात. तुटफूट धरून १४५ मागवा. सगळे एकाच खाणीतून आणि शक्यतो एकाच थरातून आले, तर रंगाचा पट्टा दिसत नाही.

उघडा चिरा सुंदर दिसतो आणि भिंतीला कोरडं व्हायला वाव मिळतो. पण पश्चिम आणि नैऋत्येच्या भिंतींवर झड थेट येते. तिथे उघडा चिरा ठेवायचा तर छप्पर तीन-चार फूट पुढे हवं किंवा बाहेर पडवी हवी. गिलावा करायचाच असेल, तर चुन्याचा करा, एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग वाळू. जाड सिमेंट गिलावा आणि वर प्लास्टिक रंग लावला की सूक्ष्म भेगांतून शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही, फुगे येतात आणि आतल्या भिंतीवर काळी बुरशी धरते. उघड्या भिंतीला पाणी रोखणारं सायलेन-सायलोक्सेनचं द्रावण चालतं, कारण ते भोकं बुजवत नाही. चकाकणारं वॉर्निश लावू नका.

जांभ्याच्या भिंतीला जोत्याला, खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली सळईचा काँक्रीट पट्टा सलग फिरवा. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचा अनुभव असलेल्या भागात हा पट्टा वगळण्यासारखा खर्च नाही. तो बाहेरून दिसू नये असं वाटत असेल, तर पुढच्या बाजूला चिऱ्याची पातळ फळी कापून बसवता येते.

छप्पर सपाट की उतरतं?

उतरतं. मंगलोरी कौलांना २५ ते ३० अंशांचा उतार द्या. कोकणातल्या झडीला आम्ही ३० अंशच सांगतो. उतार कमी केला की वाऱ्याने पाणी कौलाच्या सांध्यातून मागे चढतं. १०० चौरस फूट उतरत्या क्षेत्राला १५० ते १६० कौलं लागतात. रिपा ठोकण्याआधी आलेल्या गाडीतलीच कौलं जमिनीवर एकात एक बसवून अंतर मोजा. कारखान्यागणिक ते थोडं बदलतं आणि अर्ध्या इंचाच्या फरकाने सगळं छप्पर गळतं.

वळचण तीन ते चार फूट. रत्नागिरीच्या अक्षांशावर २१ डिसेंबरला दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण ५० अंशांवर असतो, त्यामुळे साडेतीन फुटांची वळचण चार फूट उंचीच्या दक्षिणेकडच्या खिडकीला सावली देते. पश्चिमेचं ऊन खालून येतं, तिथे वळचणीचा उपयोग नाही. पडवी, जाळी किंवा झाडच लागतं. पागोळ्या पडतात तिथे दोन फूट रुंद खडीचा पट्टा करा, नाहीतर चिखल उडून भिंतीचा खालचा फूटभर भाग कायम ओला राहतो.

निसर्ग वादळात, ३ जून २०२० रोजी, रायगड आणि उत्तर रत्नागिरीत हजारो छपरं गेली. वारा छपराला खालून उचलतो, म्हणून वजनावर भरवसा ठेवू नका. वरच्या काँक्रीट पट्ट्यात दर चार फुटांवर १२ मिमीचे बोल्ट पुरून भिंतीवरचं आडवं लाकूड त्यांना आवळा, वासे त्याला लोखंडी पट्टीने जोडा. वळचणीच्या दोन ओळी, कडेच्या ओळी आणि आढ्याची कौलं तारेने बांधा. कौलाच्या पाठीला त्यासाठी भोक असतंच, वापरत फार थोडे लोक.

छपरावर गवत किंवा बाग केली तर?

छोट्या भागावर, म्हणजे न्हाणीघर, गाडीची जागा किंवा खालच्या पायरीवरच्या खोलीवर, जरूर करा. वरच्या खोलीतून पाहताना छप्पर न दिसता उतार सलग दिसतो, हा त्याचा खरा फायदा. पण १० सेंटिमीटर भिजलेल्या मातीचं वजन चौरस मीटरला १६० ते २०० किलो होतं. स्लॅबचा हिशोब आधी त्याप्रमाणे झालेला असावा.

थर खालून वर: १:१०० उताराचा स्लॅब, जलरोधक थर, मुळं रोखणारा पत्रा, पाणी वाहून नेणारी खडी किंवा जाळी, गाळण कापड, माती. माती टाकण्याआधी ४८ तास पाणी तुंबवून ठेवा. नंतर गळती सापडणं जवळजवळ अशक्य असतं. सड्यावरचं स्थानिक गवत लावा. ते उन्हाळ्यात वाळून पिवळं होतं आणि पावसात उठतं. बारमाही हिरवं लॉन हवं असेल, तर मे महिन्यात विहिरीवर भार पडणार.

झाडं न तोडता घर कसं बसवायचं?

आधी प्रत्येक झाड नकाशावर घ्या: जागा, बुंध्याचा व्यास, फांद्यांचा पसारा, जात. मग प्रत्येकाभोवती छातीच्या उंचीवरच्या बुंध्याच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ काढा. ४० सेंटिमीटर बुंध्याच्या आंब्याला ४.८ मीटर. या वर्तुळात खोदाई नको, भराव नको, खडी-सिमेंटचा ढीग नको. झाड तोडलं नाही, पण मुळांवर दोन फूट माती टाकली, तर मुळं गुदमरून ते तीन-चार वर्षांत वाळतं. तेव्हा कुणाला कारण आठवत नाही. वर्तुळात शिरावंच लागलं, तर सलग पायाऐवजी हाताने खोदलेले सुटे खांब घ्या आणि जाड मुळं चुकवा.

लाकडी ओट्यातून झाड वर येऊ द्यायचं, तर बुंध्याभोवती सहा इंच ते एक फूट मोकळं ठेवा आणि तिथल्या फळ्या काढता येतील अशा बसवा. माड मात्र कौलांपासून दूरच हवा. नारळ आणि झावळ्या दोन्ही कौलं फोडतात. मालकीचं झाड तोडायलाही अनेक जातींना परवानगी लागते, हे लक्षात असू द्या.

समुद्राकडे पूर्ण काचेची भिंत हवी आहे.

समुद्र पश्चिमेला, दुपारचं ऊन पश्चिमेला, झडही तिकडूनच. काच थेट दर्शनी भागावर लावली, तर एप्रिलमध्ये खोली तापते आणि जुलैमध्ये चौकटीतून पाणी येतं. काच आठ फूट खोल पडवीच्या मागे घ्या. दृश्य तेच राहतं. खालच्या पट्टीला बाहेर उतार आणि पाणी जायला भोकं हवीत. समुद्राजवळ साधं लोखंड लवकर गंजतं, बिजागऱ्या आणि स्क्रू ३१६ दर्जाचे स्टेनलेस घ्या. पक्षी आपटू नयेत म्हणून काचेच्या बाहेरच्या अंगाला दर दोन इंचांवर ठिपके असलेली फिल्म लावावी.

काचेपेक्षा वारा महत्त्वाचा. समोरासमोरच्या भिंतींत उघडणाऱ्या खिडक्या आणि छपराखाली बंद न होणारे झरोके नसतील, तर पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येणारच.

पावसाचं पाणी किती साठवता येईल?

१०० चौरस मीटर छपरावर ३,००० मिमी पाऊस आणि २० टक्के घट धरली, तर वर्षाला २,४०,००० लिटर. एवढी टाकी कुणी बांधत नाही. फेब्रुवारी ते मे अशा १२० दिवसांना चार माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला ४० लिटर धरले, तर ४,८०० लिटर लागतात. १०,००० लिटरची टाकी भरपूर झाली. बाकीचं पाणी गाळून विहिरीत किंवा मुरवणखड्ड्यात सोडा. पन्हळीला दर ४० चौरस मीटर छपरामागे एक ११० मिमीचा पाइप द्या. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायची व्यवस्था ठेवा.

सांडपाण्याची काळजी इथे जास्त घ्यावी लागते. जांभा सच्छिद्र आणि भेगाळ असतो, शोषखड्ड्यातलं पाणी न गाळता विहिरीत पोचतं. सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला, निदान १८ मीटर दूर हवा. मधे कर्दळीचा खडीवाफा केला, तर उत्तम.

लाकूड आणि बांबू कोणता?

छपराला ऐन, किंजळ किंवा साग, दारांना फणस. माणगा बांबू बहुतांशी भरीव असतो, त्यामुळे कोकणात तोच घ्यावा. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या ५ ते ६ टक्के द्रावणात, पोकळी असेल तिथे पेरांचे पडदे आरपार भोसकून, बुडवावा. हे मीठ पावसात धुऊन जातं, म्हणून असा बांबू छपराखालीच वापरायचा, बाहेरच्या कुंपणाला नाही. लाकडी खांब जमिनीत पुरू नका. चिऱ्याच्या किंवा काँक्रीटच्या बैठकीवर, फूटभर उंच ठेवा. जोतं भरताना वाळवी प्रतिबंधक फवारणी करून घ्या, नंतर ती नीट होत नाही.

झाडीत घर म्हणजे सापांचं काय?

सड्यावर फुरसं असतं आणि ते दगडांच्या फटीत बसतं. कोरडा गडगा घरापासून लांब ठेवा, घराभोवती तीन फूट पट्टा मोकळा आणि स्वच्छ असावा, लाकूडफाटा पडवीत रचू नये. भिंतीवर चढलेली वेल छपराला टेकू देऊ नका. पाइपांच्या तोंडांना जाळी लावा. रात्री बाहेर जायच्या वाटेवर खाली पाडणारा मंद पिवळा दिवा लावा. झगझगीत पांढऱ्या दिव्याला कीटक येतात आणि त्यांच्यामागे बाकीचे.

कामाचं वेळापत्रक कसं असावं?

एक पावसाळा फक्त निरीक्षण. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोजणी, खड्डे, झाडांचा नकाशा. परवानग्या हातात आल्यावर पुढच्या ऑक्टोबरला चर आणि मागची भिंत, मग पाया. चिरा आधीच घेऊन रचून ठेवा, पावसात खाणी बंद असतात. भिंती मार्चपर्यंत, छप्पर १५ मेच्या आत. मृग ७ जूनच्या सुमारास लागतं, पण वळीव आणि वादळं मेमध्येच येतात. तौक्ते वादळ १६-१७ मे २०२१ ला इथून गेलं.

छप्पर राहिलंच, तर अर्धवट चढवू नका. भिंतींचे माथे सिमेंटच्या पातळ थराने बंद करा, वर प्लास्टिक आणि झापं बांधा, खोल्यांतलं पाणी बाहेर जायला जोत्याला तात्पुरती भोकं ठेवा आणि काम ऑक्टोबरला पुन्हा सुरू करा.